उद्याळू साहेब, सहीसोवळं आणि टक्काभास

मार्चअखेरीचे दिवस होते. आमच्या कार्यालयातला सगळ्यात धाकटा पोरगा एका कचेरीत दाखला आणायला गेला होता, तो दुपारी तीनला रिकाम्या हातानं परत आला. हेल्मेट टेबलावर ठेवलं, घटाघटा पाणी प्यायला आणि म्हणाला, "काम न्हाई झालं मॅडम. साहेब लई उद्याळू हाईत."

हा शब्द आमच्यापैकी कुणी आधी ऐकलेला नव्हता. तरी अर्थ कुणी विचारला नाही. पलीकडच्या टेबलावरच्या वहिनींनी मान वर न करता विचारलं, "कितवी खेप?"

"चौथी."

"मग खराच उद्याळू."

मी सांगलीत एका करसल्लागारांकडे बावीस वर्षं हिशेबाचं काम करते. आमच्याकडे शेतकरी, अडते, बेदाण्याचे व्यापारी, पतसंस्थांचे सेक्रेटरी, शिक्षक, कंत्राटदार असे सगळे येतात आणि जाताना एखादा शब्द मागे ठेवून जातात. एका जुन्या खतावणीची शेवटची पानं कोरी राहिली होती, त्यांवर मी हे शब्द उतरवून ठेवते. ती पानं चाळताना एक गोष्ट मला पक्की दिसते. जिचा रोज त्रास होतो पण जिला नाव नसतं, अशाच गोष्टीसाठी लोक शब्द पाडतात. टांकसाळीत नाणं पाडावं तसा. हसू येतं ते ओळख पटल्याचं असतं. आणि एकदा नाव पडलं की ती गोष्ट दुसऱ्याला सांगता येते, तिच्याबद्दल भांडता येतं. म्हणून या शब्दांना टवाळी समजून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या पोटात कचेरीचे नियम, सत्तेचं गणित आणि टक्क्यांचे घोळ व्यवस्थित बांधून ठेवलेले असतात.

उद्याळू एका झटक्यात का कळला, ते आधी बघू. मराठीत 'आळू' हा प्रत्यय लागला की माणसाचा स्वभाव कळतो. झोपाळू, विसराळू, लाजाळू, मायाळू. एखादी गोष्ट एकदाच करणाऱ्याला हा प्रत्यय लागत नाही, ती ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्यालाच लागतो. एकदा 'उद्या या' म्हणणारा साहेब उद्याळू होत नाही, चार खेपा घालायला लावणारा होतो. वहिनींनी खेप विचारली ती त्यासाठीच. शिवाय बोलताना 'दयाळू' कानाशी येऊन जातो. ते साहेब खरोखर गोड बोलले होते, खुर्ची दिली होती, चहा विचारला होता; काम तेवढं उद्यावर ढकललं होतं. तो गोडवासुद्धा शब्दात उतरला.

शब्द टिकेल की नाही हे ओळखायला मी त्याला विभक्ती लावून बघते. उद्याळूला भेटलो, उद्याळूनं परत पाठवलं, उद्याळूंच्या टेबलावर फाइल आहे. कुठे अडखळत नाही. परका शब्दसुद्धा याच वाटेनं घरचा होतो. फाइल स्त्रीलिंगी झाली, तिची फायलीत, फायलींवर अशी रूपं ठरली. टेबल नपुंसकलिंगी झालं आणि 'टेबलाखालून' हे तर देवघेवीच्या एका अख्ख्या प्रकाराचं नाव होऊन बसलं. आमच्याकडे कुणीतरी 'विलंबेश्वर' असाही शब्द काढला होता. ऐकायला भारदस्त, पण 'विलंबेश्वरांनी फाइल खाली पाठवली का' असं घाईत कोण म्हणणार? आठ दिवसांत विसरला गेला.

कचेरीतला माझा सगळ्यात आवडता शब्द सहीसोवळं. एका ग्रामसेवकांनी तो आमच्याकडे आणला. "साहेब आज सहीसोवळ्यात हाईत," म्हणाले. सोवळ्यातल्या माणसाला कुणी शिवायचं नसतं आणि त्यानंही कशाला शिवायचं नसतं. सहीसोवळ्यातला साहेब फाइल वाचतो, पानं उलटतो, पेनाचं टोपणही काढतो. पण सहीच्या जागेजवळ आला की बोटाच्या टोकानं फाइल परत सरकवतो आणि कोपऱ्यात 'चर्चा करावी' असा शेरा मारतो. मी स्वतः टेबलासमोर उभी राहून हे पाहिलं आहे. टोपण परत बसल्याचा टक् असा आवाज झाला आणि माझा दिवस फुकट गेला हे कळलं.

यात आळस असतोच असं नाही. सही म्हणजे जबाबदारी. उद्या लेखापरीक्षण झालं, चौकशी लागली, तर पाच वर्षांनीसुद्धा ज्याची सही त्यालाच बोलावतात. फाइल अडवून ठेवल्याबद्दल मात्र सहसा कुणाला बोलावत नाहीत. मग सही न करणं हाच माणसाला सुरक्षित मार्ग वाटतो. 'नियमानुसार कार्यवाही करावी' या शेऱ्याचं मूळही इथेच आहे. काय करायचं ते न सांगता कागद खाली जातो आणि चूक झाली तर ती खालच्याची ठरते. सहीसोवळं या एका शब्दात ही सगळी भीती आली. तो शब्द कळल्यापासून मी अशा फायलीसोबत संबंधित नियमाचा आणि आधीच्या तशाच मंजुरीचा कागद वर लावून नेते. सही करणाऱ्याच्या मनावरचा भार थोडा उतरतो, आणि बऱ्याच वेळा सोवळंही उतरतं.

'फायलीवर वजन ठेवणं' सगळ्यांना माहीतच आहे, त्यावर थांबत नाही. चहांतर हा त्यापेक्षा गोड शब्द. मध्यंतराच्या चालीवर केलेला. सकाळचा अकराचा चहा आणि जेवणाआधीचा चहा यांमधला वेळ. "दोन चहांतरांचं काम आहे" म्हटलं की किती वेळ लागेल ते घड्याळापेक्षा जास्त खरं कळतं, कारण चहा चुकत नाही. आणि पायरीबैठक. मीटिंग संपल्यावर जिन्याच्या पायऱ्यांवर उभं राहून जे बोलणं होतं ते. खरे निर्णय तिथे होतात, कारण आत इतिवृत्त लिहिलं जातं आणि पायरीवर काहीच लिहिलं जात नाही. एका पतसंस्थेच्या सेक्रेटरींनी मला हे समजावलं होतं. म्हणाले, ताई, मीटिंगला उशीर झाला तर चालेल, पायरीबैठक चुकवू नका.

आता सातबाऱ्याकडे वळते, कारण कचेरी, राजकारण आणि आकडे हे तिन्ही एकाच शब्दात बघायचे असतील तर याच्यासारखा दुसरा नाही. महसूल खात्यात गावाचे हिशेब ठरलेल्या नमुन्यांत ठेवतात. गाव नमुना ७ म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे, कोणत्या हक्कानं आहे त्याची नोंद. गाव नमुना १२ म्हणजे त्या जमिनीत कोणतं पीक घेतलं त्याची नोंद. दोन्ही एका कागदावर मिळतात म्हणून सात-बारा. म्हणजे हे नुसते दोन फॉर्मचे नंबर आहेत. पण आज सातबारा म्हणजे जमीन, पत, घराणं आणि कधी कधी लग्नाची बोलणीसुद्धा. 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजा चढतो, म्हणून कर्जमाफीच्या मागणीची घोषणा झाली 'सातबारा कोरा करा'. ज्याला बँकेची भाषा कळत नाही त्यालाही कोरा कागद कळतो. त्यापुढे लोक गेले: "त्याचा सातबारा माझ्यापाशी हाय" म्हणजे त्याचा सगळा इतिहास मला माहीत आहे. "हे काय तुझ्या सातबाऱ्यावर लिहिलंय काय लगा?" म्हणजे ही जागा तुझ्या मालकीची नाही, सरक. एसटीत खिडकीच्या जागेवरून हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल!

सातबाऱ्याच्या कागदाला उतारा म्हणतात, आणि उतारा हा शब्द आमच्याकडे आणखी एका ठिकाणी राबतो. साखर कारखान्यात. १०० किलो उसातून १२ किलो साखर निघाली तर उतारा १२ टक्के. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, याच उताऱ्यावर ठरते. अलीकडच्या हंगामांत १०.२५ टक्के हा पायाभूत उतारा धरलेला आहे, त्याच्या वर गेला की दर वाढतो. म्हणून उतारा हा सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या जिभेवर असतोच. तिथून तो माणसांना लागला. खूप बोलणारा पण हाती काही न देणारा माणूस असेल तर "रस लई, उतारा न्हाई." आमच्या कार्यालयात मीटिंगचा उतारा काढायची पद्धत पडली आहे. दोन तास बसलो, ठरलेल्या गोष्टी किती, त्यांतल्या आठवडाभरात झालेल्या किती? मागच्या महिन्यात आठ गोष्टी ठरल्या आणि एक झाली, म्हणजे साडेबारा टक्के. कारखान्याला हा उतारा फार चांगला म्हटला असता, मीटिंगला तो वाईट. हे बोलल्यापासून आमच्या मीटिंगा खरोखर आटोपशीर झाल्या आहेत, कारण शेवटी कुणीतरी विचारतंच, "उतारा काय?"

राजकारणाच्या शब्दांत आमच्या या भागाचा हात जुना आहे. १९४२ च्या चळवळीनंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगली या दोन्हींत, येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजांना समांतर कारभार उभा केला. त्याचं नाव प्रतिसरकार. १९४३ ते १९४६ हा त्याचा मुख्य काळ. 'प्रति' हा संस्कृत उपसर्ग गावच्या माणसाला दूरचा. पण पत्री सगळ्यांना ठाऊक. बैलाच्या खुराला ठोकतात ती. खबऱ्यांना आणि गुंडांना तळपायावर पत्री ठोकल्यागत शिक्षा होते, ही चर्चा गावोगाव पसरली आणि प्रतिसरकारचं पत्रीसरकार झालं. भाषेचे अभ्यासक याला लोकव्युत्पत्ती म्हणतात: न कळणाऱ्या शब्दाला लोक आपल्या ओळखीच्या शब्दाच्या साच्यात घालतात. इथे मात्र नुसता उच्चार सोपा झाला एवढंच घडलं नाही. 'प्रतिसरकार' हा शब्द त्या सरकारचं कायद्याच्या अंगानं स्थान सांगतो, तर 'पत्रीसरकार' हा त्याचा धाक सांगतो. शेतात राबणाऱ्या माणसांनी एका अक्षराच्या उलटापालटीत एवढा फरक केला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

यशवंतराव चव्हाणही इथलेच. देवराष्ट्रे गावचे, जन्म १२ मार्च १९१३. त्यांच्या राजकारणाला 'बेरजेचं राजकारण' असं नाव पडलं: जास्तीत जास्त माणसं सोबत घ्यायची, कुणाला वजा करायचं नाही. पहिलीतल्या मुलाला येणारं गणित, पण पक्ष कसा वाढतो हे त्यात पूर्ण सांगितलं आहे. त्याच भागातून अलीकडे आलेला 'करेक्ट कार्यक्रम' नेमका वजाबाकीचा शब्द. वाळव्याचे जयंत पाटील यांच्या तोंडून तो राज्यभर गेला. विरोधक टप्प्यात येईपर्यंत वाट बघायची, मग एकदाच नेमका डाव टाकायचा. टप्पा म्हणजे दगड किंवा गोळी पोचेल तेवढं अंतर, म्हणजे शब्द मूळचा नेमबाजीचा. २०२१ मध्ये सांगली महापालिकेत भाजपचं बहुमत असताना राष्ट्रवादीचा महापौर निवडून आला, तेव्हा हा शब्द चहाच्या गाड्यांवरसुद्धा ऐकू येत होता. आता तो राजकारणापुरता राहिलेला नाही. वर्गणी बुडवणाऱ्याचा मंडळातली पोरं कार्यक्रम करतात, आणि परीक्षेत अवघड पेपर पोरांचा करतो.

माझ्या खतावणीतला 'उडीस्थ' हा शब्द कृष्णेच्या घाटावरचा म्हणावा लागेल. तटस्थ या शब्दाचा मूळ अर्थ तटावर, म्हणजे काठावर, उभा असलेला. आमच्या एका पक्षकारांच्या गावी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर सरपंच अविश्वासाचा खेळ चालला होता. एक सदस्य तटस्थ म्हणून सांगत होते. पक्षकार म्हणाले, तटस्थ कसले, उडीस्थ. माईघाटावर पोरं जशी चड्डी आवळून, दोन्ही हात पुढे धरून, पाण्याकडे बघत उभी असतात तसे. उडी कुठल्या बाजूला एवढंच ठरायचं बाकी.

हे प्रकरण देशाच्या पातळीवर गेलं तेव्हा त्यालाही असंच नाव मिळालं होतं. १९६७ मध्ये हरियाणातले आमदार गया लाल यांनी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' जन्माला आला. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती होऊन दहावं परिशिष्ट आलं, पक्षांतर करणाऱ्याची आमदारकी-खासदारकी जाऊ लागली. पण पक्षाच्या एक तृतीयांश सदस्यांनी फुटून वेगळा गट केला तर त्यांना संरक्षण होतं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं ती वाट बंद केली. आता दोन तृतीयांश सदस्य दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला तयार असतील तरच ती सूट. म्हणजे ३० आमदारांच्या पक्षात पूर्वी १० जण लागत, आता २० लागतात. एकट्यानं उडी मारली तर बुडतो, जथ्यानं मारली तर तरतो. अपात्रतेच्या बातम्या वाचताना सारखे आकडे का मोजत असतात, ते यावरून समजावं.

निवडणुकीचे बाकीचे शब्द झटपट सांगते. निकालाआधीची ओळख ती गुलालपूर्व आणि नंतरची ती गुलालोत्तर. दर वर्षी फलकावर 'भावी' म्हणून झळकणारे ते चिरभावी.

आता आकडे. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण पोटापाण्याचा धंदाच तो आहे आणि रोज माणसं फसताना दिसतात.

मराठी माणसाचं अपूर्णांकांशी जुनं सख्य आहे. आमच्या आजोबांच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ केली होती. औट म्हणजे साडेतीन. म्हणून 'औट घटकेचा राजा' म्हणजे साडेतीन घटकांचा. घटका २४ मिनिटांची, तेव्हा त्याचं राज्य ८४ मिनिटांचं. इतकं नेमकं मोजून आपण थट्टा करतो. दीडशहाणा, सव्वाशेर, साडेतीन शहाणे हे त्याच घराण्यातले. छत्तीसचा आकडा तर डोळ्यांनी बघायचा शब्द: ३६ मधले ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात, ६३ मध्ये तोंडासमोर तोंड येतं. आकड्यांची गुप्त भाषाही होती. रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरवायचा ती करपल्लवी, आणि व्यापाऱ्यांच्या बोलण्यातली ती नंदभाषा, जिच्यात उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दोन अडते त्याच्या देखत भाव ठरवायचे आणि त्याला पत्ता लागायचा नाही.

याच वळणावर आमच्याकडे 'पाऊणकाम' आला. तीन चतुर्थांश झालेलं आणि तिथेच थांबलेलं काम. अर्धवट कामाची लाज वाटून माणूस ते पुरं करतो. पाऊणकाम मात्र झाल्यासारखं दिसतं, म्हणून ते कायम पाऊणच राहतं. घराला रंग दिला, खिडक्यांच्या मागची बाजू राहिली, असं.

टक्काभास आमच्या वहिनींचा. दिवाळीत मारुती रोडवरच्या एका दुकानात पाटी होती: ५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के. त्यांनी २,००० ची साडी उचलली. मनात हिशेब केला ७० टक्के सूट, म्हणजे ६०० रुपये. बिल आलं ८००. दुकानदाराशी वाद झाला आणि हिशेब दुकानदाराचा बरोबर निघाला. आधी २,००० चे ५० टक्के गेले, राहिले १,०००. मग २० टक्के सूट त्या १,००० वर, म्हणजे २००. एकूण सूट ६० टक्के. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "मला काल टक्काभास झाला." उन्हात पाणी दिसावं तसा टक्का दिसतो, जवळ गेलं की नसतो.

त्या दिवसापासून हा शब्द आमच्या कार्यालयाचं हत्यार झाला आहे, कारण टक्काभास सगळीकडे आहे. पगार ३०,००० असताना १० टक्के कपात झाली, राहिले २७,०००. वर्षानं १० टक्के वाढ दिली आणि सांगितलं, होता तिथे आणला. पण २७,००० चे १० टक्के २,७००, म्हणजे पगार २९,७००. दरमहा ३०० रुपये कुठे गेले ते कळतच नाही. जीएसटीतही तेच. करासकट बिल १,१८० चं असेल आणि दर १८ टक्के असेल तर कित्येक जण १,१८० ला १८ टक्के लावून कर २१२ रुपये ४० पैसे काढतात. खरा कर १८० आहे, कारण १८ टक्के मूळ १,००० वर लागले होते. निवडणुकीनंतर एका पक्षाची मतं ४० टक्क्यांवरून ४४ वर गेली, की एक जण म्हणतो मतं चार टक्के वाढली, दुसरा म्हणतो दहा टक्के. दोघंही आपल्या जागी बरोबर. पहिल्यानं एकूण मतांतला हिस्सा मोजला, म्हणजे चार टक्के-बिंदूंची वाढ. दुसऱ्यानं ४० च्या मानानं ४ मोजले. टक्का ऐकला की आमच्याकडे प्रत्येक जण आधी विचारतो: कशाचा टक्का? एवढा एक प्रश्न माणसाचे पैसे वाचवतो, हे मी बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते.

टक्काभासाचा चुलतभाऊ सरासरबुडी. ओढा सरासरी तीन फूट खोल आहे असं ऐकून उतरलेला माणूस मधल्या डोहात बुडतो, ती. पाच जणांच्या कार्यालयात चौघांना २०,००० आणि साहेबांना १,२०,००० पगार असेल तर सरासरी ४०,००० येते. प्रत्यक्षात ४०,००० कुणालाच मिळत नाहीत. अशा वेळी पगार चढत्या क्रमानं मांडून मधला बघावा, त्याला मध्यक म्हणतात. इथे तो २०,००० आहे आणि खरी परिस्थिती तोच सांगतो. सांगलीकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात जिल्ह्यात सरासरी पाऊस किती झाला याकडे कुणी बघत नाही, सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजल्या जाणाऱ्या पाण्याच्या एका आकड्याकडे. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. आमच्या शेजारच्या आजी ऑगस्टमध्ये एवढंच विचारतात, "पंचेचाळीसला गेलं का?" पाणी हा शब्दसुद्धा त्यांना लागत नाही. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि त्या आठवड्यात या गावानं जे भोगलं ते अजून आकडा ऐकला तरी अंगावर येतं.

शब्द असे खालून वर जातात तसे वरून खालीही येतात. महापौर, दिनांक, क्रमांक हे सावरकरांनी घडवलेले शब्द आज कुणाला घडवलेले वाटतही नाहीत. पण सरकारी पदनामकोश निघाला तेव्हा त्यातले बोजड शब्द पाहून टीकाकारांनी त्याला 'बदनामकोश' म्हटलं. एका अक्षराचा बदल आणि एक टोपणनाव कायमचं चिकटलं. काही बोलीशब्द तर ज्यातून आले त्याच्यापेक्षा जास्त जगतात. फसवणुकीच्या ४२० व्या कलमावरून चारसोबीस आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणूक आता कलम ३१८ मध्ये आहे. पण 'तीनशेअठरा माणूस' असं म्हणताना मी अजून कुणाला ऐकलं नाही.

खतावणीतला शेवटचा शब्द सर्व्हरसुतक. विवरणपत्राची शेवटची तारीख, समोर बाकावर सात-आठ माणसं कागद धरून बसलेली, आणि सर्व्हर बंद. काही करता येत नाही, जाताही येत नाही, नुसतं बसून राहायचं. कुणीतरी म्हणालं सर्व्हरसुतक लागलं. मला तो फार आवडला होता, कारण तो आपलं क्रियापद सोबत घेऊन आला. सुतक लागतं आणि सुतक फिटतं. रात्री साडेनऊला पडदा उघडला की धाकटा पोरगा ओरडायचा, "फिटलं!" आणि सगळे कामाला भिडायचे.

जूनमध्ये वहिनींचे सासरे गेले. तेरा दिवसांनी त्या कामावर आल्या. वीस तारीख होती, सर्व्हर नेहमीसारखाच बंद पडला, आणि त्या पोरानं सवयीनं तोंड उघडलं ते तसंच मिटलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून तो शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही. दुसरा एखादा शोधायचा प्रयत्न दोन-तीनदा झाला, एकही रुळला नाही. सध्या सर्व्हर बंद पडला की आम्ही नुसतं म्हणतो, "बसलंय."